बोर्डिंगांच्या गावात परदेशी विद्यार्थी

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुतळ्याच्या आसपास ज्या जुन्या इमारती दिसतात, त्यांत विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांची संख्या सहज लक्षात येण्यासारखी आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य ठरविलेल्या समाजांतील मुलांसाठी एकेक वसतिगृह उभे राहिले आणि या शहराला वसतिगृहांची जननी असे नाव पडले. हे नाव कोल्हापुरात प्रत्येक सभेत अभिमानाने मिरवले जाते. त्यामागचा अनुभव मात्र फारसा कोणी आठवीत नाही. राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी आधी एक वसतिगृह उघडण्यात आले होते आणि ते सर्व जातींना खुले होते. प्रत्यक्षात त्यात एकाच वर्गाची मुले राहू लागली. दार उघडे ठेवल्याने मुले आत येतात असे नाही, हे महाराजांना त्यातून कळले. दारात आलेल्या मुलाकडे आतली माणसे कोणत्या नजरेने पाहतात, यावर तो आत टिकतो की गावी परततो हे ठरत असते.

सव्वाशे वर्षांनंतर तोच प्रश्न वेगळ्या वेषात पुढे आला आहे. आता दारात उभा असलेला मुलगा चंदगडचा किंवा शाहूवाडीचा नाही. तो काठमांडू, काबूल, खार्टूम किंवा ढाक्याचा आहे. केंद्र सरकारने २०१८ साली ‘स्टडी इन इंडिया’ ही योजना मोठ्या गाजावाजाने सुरू केली आणि २०२३ पर्यंत देशातील परदेशी विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१४-१५ साली ही संख्या ४२,२९३ होती. २०२१-२२ साली, सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार, ती ४६,८७८ भरली. मधल्या काळात महामारी होती हे खरे. पण महामारीपूर्वीच्या २०१९-२० सालीही आकडा ४९,३४८ च्या पुढे गेला नव्हता. या विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे आहेत. उलट दिशेला, २०२४ साली परदेशांत शिकणारे भारतीय विद्यार्थी १३ लाखांहून अधिक होते. ‘विश्वगुरू’ या पदवीचा उच्चार करताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही.

या अपयशाची मीमांसा विद्यापीठांच्या परिसंवादांतून नेहमी एकाच चालीने होते. जाहिरात कमी पडली, क्रमवारीत विद्यापीठ खाली आहे, वसतिगृहात वातानुकूलनाची सोय नाही, इत्यादी. ज्याच्यासमोर बसून त्या मुलाला चार वर्षे काढायची आहेत, तो प्राध्यापक त्याच्याकडे काय म्हणून पाहतो हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर येतच नाही. आणि खरी गोम तेथेच आहे.

वरिष्ठ प्राध्यापक व प्रशासक यांच्या दृष्टीने परदेशी विद्यार्थी हा प्रथमतः एक आकडा असतो. देशांतर्गत क्रमवारी २०१६ पासून जाहीर होऊ लागली. तीत परराज्यांतील आणि परदेशांतील विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. ‘क्यूएस’ या लंडनच्या खासगी कंपनीच्या जागतिक क्रमवारीत परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला ५ टक्के वजन आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले ते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या ग्रामीण मुलांना पुणे-मुंबईच्या दारात तिष्ठत उभे राहावे लागू नये म्हणून. अशा विद्यापीठांनाही आता याच फूटपट्टीने मोजले जाते. परिणामी परदेशी विद्यार्थ्याची आठवण मूल्यमापन समिती येण्याच्या सुमारास होते. फेटा बांधून त्याचे छायाचित्र काढले जाते. ते अहवालात छापले जाते. समिती गेली की त्याची खोली, त्याची खानावळ, त्याचा न समजलेला धडा हे सारे पुन्हा त्याचे एकट्याचे होते. ज्या अभिमत आणि खासगी विद्यापीठांत शुल्क डॉलरमध्ये आकारले जाते, तेथे आकड्यामागे पैसाही उभा राहतो. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. येथे तर गाय दूधही देते आणि लाथाही तीच खाते.

ही रीत एकाएकी आलेली नाही. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले तेव्हाच शिक्षण विकत घेण्याची वस्तू आहे हे तत्त्व मान्य झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पी. ए. इनामदार खटल्यात अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना संमती दिली आणि डॉलरवाल्या विद्यार्थ्याला कायद्याची चौकट मिळाली. परदेशी नावाखाली प्रत्यक्षात येथल्याच धनिकांची मुले मागल्या दाराने येतात, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाविरुद्ध गळा काढणारे प्राध्यापक या जागांविषयी मौन पाळतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी दृष्टी शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी ऐकू येते. “ही मुले कच्ची असतात, यांना इंग्रजी येत नाही, वर्गात बसत नाहीत, व्हिसासाठी प्रवेश घेतात.” या तक्रारीत काही तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. अरबी किंवा दारी भाषेतून शिकलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानात चाचपडतो. पण हेच शब्द कोठे तरी ऐकल्यासारखे वाटत नाहीत काय? राधानगरीच्या मराठी शाळेतून येऊन विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात बसलेल्या मुलाविषयी हेच बोलले जाते, शब्दही तेच. आणि बोलणारा स्वतःही बहुधा एका पिढीपूर्वी तसाच आलेला असतो. जो शिक्षक आपल्याच जिल्ह्यातील मुलाच्या अडखळण्याला त्याचा दोष मानतो, तो सुदानच्या मुलाशी वेगळे वागेल अशी आशा कशाला धरावी?

या संदर्भात डॉ. राममनोहर लोहियांची हकीकत समाजवादी कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे. बर्लिनमध्ये ते प्रा. वेर्नर झोम्बार्ट यांच्याकडे गेले आणि इंग्रजीत बोलू लागले. आपल्याला इंग्रजी येत नाही असे प्राध्यापकांनी सांगताच, तीन महिन्यांनी परत येतो म्हणून लोहिया निघून गेले आणि जर्मन शिकून परतले, असे सांगितले जाते. या गोष्टीत लोहियांच्या जिद्दीचे कौतुक नेहमी होते. दुसरी बाजू अशी की ज्या देशात ते गेले त्या देशाचे विद्यापीठ त्या देशाच्या भाषेत चालत होते, म्हणून परक्या मुलाला शिकण्यासारखी एक भाषा तरी होती. कोल्हापुरात येणाऱ्या परदेशी मुलाला येथला प्राध्यापक अर्धवट इंग्रजीत शिकवतो, मुलगा अर्धवट इंग्रजीत ऐकतो, आणि दोघेही एकमेकांना कच्चे ठरवतात. रिक्षावाला, खानावळवाला आणि वर्गातील सोबती ज्या भाषेत बोलतात ती मराठी त्याला शिकवावी, पहिल्या सत्रात रोज एक तास शिकवावी, ही साधी गोष्ट बहुतेकांना सुचत नाही. कारण मराठीतून कोणी परदेशी माणूस काही ज्ञान मिळवील यावर आपल्याच प्राध्यापकांचा विश्वास नाही.

तो विश्वास ठेवायला आधार कोल्हापूरच्या शेजारीच आहे. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या त्या संशोधक विद्यार्थिनी म्हणून. त्या मराठी शिकल्या, सत्यशोधक चळवळीची विस्मृतीत गेलेली कागदपत्रे त्यांनी धुंडाळली, आणि पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील त्यांच्या प्रबंधाला १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने पदवी दिली. शाहू महाराजांच्या कार्याचा अर्थ जगाच्या विद्वत्तेपुढे ज्यांनी मांडला त्यांत या परदेशी मुलीचे नाव पुढे आहे. पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या, दुष्काळी भागातील शेतकऱ्यांच्या आणि परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत उतरल्या, आणि २०२१ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना क्रमवारीच्या कोणत्या रकान्यात बसवायचे?

तिसरा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. परदेशी विद्यार्थी आपल्या मुलांच्या जागा खातात, असे म्हटले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे त्यांच्यासाठी २५ टक्क्यांपर्यंतच्या ज्या जागा आहेत त्या मंजूर संख्येच्या वरच्या आहेत. आपल्या मुलांच्या जागा खाल्ल्या त्या शुल्काने, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या प्राध्यापकांच्या पदांनी. हा राग काठमांडूच्या मुलावर काढणे म्हणजे म्हशीचा राग पारडावर काढण्यापैकी आहे.

याखेरीज एक दृष्टी अशी आहे की जी बोलून दाखवली जात नाही; ती नियमांत लिहिलेली असते. परदेशी विद्यार्थी जिल्ह्यात आला की त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते, आणि मोठी शहरे सोडता जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. म्हणजे ग्रंथालयाच्या आधी त्याची ओळख पोलीस ठाण्याशी होते. नोंद ठेवण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण विद्यापीठातील संबंधित विभागाचे सारे कामकाज या नोंदीपुरतेच उरते, तेव्हा विद्यार्थी संशयित होतो आणि प्राध्यापक हवालदार. कोल्हापूरला या दृष्टीचा इतिहास परका नाही. १९०७ साली इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थ्यांची चौकशी करण्यासाठी इंडिया ऑफिसने समिती नेमली तिचे प्रमुख सर विल्यम ली-वॉर्नर होते. हेच गृहस्थ एके काळी कोल्हापूरचे पोलिटिकल एजंट होते. संस्थानच्या राजावर नजर ठेवण्याचा अनुभव पुढे लंडनमधील भारतीय मुलांच्या कामी आला! त्या समितीचा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धही केला गेला नाही. परक्या मुलाकडे साम्राज्य कसे पाहत होते हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. स्वतंत्र भारताच्या विद्यापीठांनी तीच नजर वारसाहक्काने स्वीकारावी हे लांच्छनास्पद आहे.

या नजरेचा शेवट कोठे होतो ते अलीकडे दोनदा दिसले. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात रमजानची नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या एका खासगी अभिमत विद्यापीठात नेपाळी विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर न्याय मागणाऱ्या नेपाळी मुलामुलींना वसतिगृह सोडून जाण्याचा हुकूम झाला, आणि संस्थेतील जबाबदार व्यक्तींनी, आपली संस्था मुलांच्या अन्नावर जेवढा खर्च करते तेवढा तुमच्या देशाचा अर्थसंकल्पही नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांना ऐकवले. पुढे माफी मागण्यात आली. पण ते उद्गार रागाच्या भरात आकाशातून पडले नव्हते. ज्या देशातील माणूस आपल्या शहरांत रखवालदार म्हणून दारावर उभा असतो, त्याचा धाकटा भाऊ आत वर्गात बसला तरी तो रखवालदारच, हा हिशेब मनात पक्का झालेला होता. अमेरिकन विद्यार्थ्याला असे बोलण्याची छाती कोणाला झाली असती काय?

याच नेपाळचे बिश्वेश्वरप्रसाद कोइराला बनारसला शिकले, काँग्रेस समाजवादी पक्षाशी जोडले गेले, १९४२ च्या लढ्यात भारताच्या तुरुंगात राहिले आणि १९५९ साली नेपाळचे पहिले निर्वाचित पंतप्रधान झाले. बनारसच्या वर्गात तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभाग’ नव्हता. तेथे आचार्य नरेंद्र देवांसारखी माणसे गावात होती आणि चळवळ होती.

पक्षातील काही मंडळींना हा सारा प्रश्न उच्चभ्रूंचा वाटतो. शेतमजूर आणि गिरणी कामगारांच्या पक्षाने परदेशी विद्यार्थ्यांची उठाठेव का करावी, असे ते विचारतात. त्यांनी आपल्याच तालुक्यात चौकशी करावी. येथल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क न परवडल्याने शेती गहाण टाकून किंवा कर्ज काढून मुलांना किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया, फिलिपाइन्स येथे पाठविणारी मध्यम शेतकऱ्यांची व शिक्षकांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात अनेक आहेत. २०२२ साली युक्रेनमधील युद्धात हजारो भारतीय विद्यार्थी अडकले तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी घरांत रात्रभर दिवे जळत होते. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा दारे आतून लावून बसलेल्यांत भारतीय मुलेही होती. तेथल्या कॉलेजांच्या लेखी ही मुले काय होती? शुल्क होती. भुवनेश्वरला नेपाळी मुलगा जे आहे तेच बिश्केकला आपला मुलगा आहे. एकीकडे आपल्या मुलासाठी न्याय मागायचा आणि दुसरीकडे आपल्या दारातील परक्या मुलाकडे डॉलर म्हणून पाहायचे, हे एका तोंडाने करता येणार नाही.

येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या घरातील एक अप्रिय गोष्टही मान्य केली पाहिजे. परदेशी विद्यार्थ्यांकडून वेगळे, अधिक शुल्क घेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये कोणी सुरू केली? मार्गारेट थॅचर यांनी १९८० पासून त्यांच्यावर पूर्ण खर्चाचे शुल्क लादले हे सर्वांच्या लक्षात आहे. पण पहिली पाचर १९६७ साली मजूर पक्षाच्या सरकारने मारली. देशी विद्यार्थ्याला ७० पौंड आणि परदेशी विद्यार्थ्याला २५० पौंड असा भेद त्या वर्षी झाला, आणि शिक्षणमंत्री होते समाजवादाचे भाष्यकार म्हणून गाजलेले अँथनी क्रॉसलंड. रक्कम लहान होती, तत्त्व मोठे होते. एकदा विद्यार्थ्याच्या जन्मभूमीवरून शुल्क ठरू लागले की तेरा वर्षांनी थॅचरबाईंना नवे तत्त्व शोधण्याची गरज उरली नाही. त्यांनी फक्त रक्कम वाढवली.

शुल्काचा हा वरवंटा कसा फिरतो हे जयप्रकाशांनी अमेरिकेत अनुभवले. कॅलिफोर्नियात शुल्क दुप्पट झाले तेव्हा त्यांना बर्कली सोडून आयोवाला जावे लागले. द्राक्षमळ्यांत आणि उपाहारगृहांत राबून त्यांनी शिक्षण पुरे केले, आणि विस्कॉन्सिनमध्ये ते मार्क्सवादी झाले. डॉ. आंबेडकरांची गोष्ट कोल्हापूरला अधिक जवळची आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, तेव्हा चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने त्यांना दिली. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज तेथे स्वतः गेले, आणि त्याच वर्षी आंबेडकर पुन्हा लंडनला पोचले. कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिले होते. एका प्राध्यापकाचे एक पत्र आणि एका विद्यापीठाची चार वर्षांची सवलत, एवढ्याच गोष्टी त्यांच्या हाती होत्या आणि त्या त्यांनी केल्या. काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ नंतर ज्या अफगाण मुलींचे परतीचे आणि पुढचे दोन्ही रस्ते बंद झाले, त्यांच्यासाठी आपल्या किती प्राध्यापकांनी असे एक पत्र लिहिले?

प्राध्यापकाला दिसले तर काय होऊ शकते याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यानेच दिले आहे. गडहिंग्लजचे प्रा. शां. ब. मुजुमदार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. वसतिगृहात काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देत असलेली त्यांनी पाहिली, आणि त्यातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ ही संस्था जन्मली. त्या संस्थेचा पुढे जो विस्तार झाला त्याची चर्चा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण त्या खिडकीपाशी थांबून आत पाहणारा प्राध्यापक हवा, एवढे तर मान्य व्हावे.

अर्थात सगळ्याच शिक्षकांना एका दावणीला बांधणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक तासाच्या हिशेबाने मजुरी घेतो. तास संपला की दुसऱ्या गावच्या कॉलेजची एस.टी. पकडतो. त्याने परदेशी मुलाच्या खोलीवर जाऊन चौकशी करावी ही अपेक्षा करण्याचा अधिकार त्याला कायम न करणाऱ्यांना नाही. हा लेख त्याच्यावर नाही. तो आहे विद्यापरिषदेत, व्यवस्थापन परिषदेत आणि मूल्यमापनाच्या तयारी समित्यांत बसणाऱ्या, कायम पदाच्या, भरल्या पगाराच्या प्राध्यापकांवर. परदेशी मुलांचे आकडे तेच भरतात, शुल्काचे प्रस्ताव त्यांच्यासमोर येतात, आणि हात तेच वर करतात.

शिवाजी विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांचे आणि शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यांत पुरोगामी संघटनांचेही असतात. त्यांनी अर्थसंकल्पाच्या बैठकीपूर्वी लेखी प्रश्न द्यावेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचा वर्ग आहे काय, त्याला कायम शिक्षक आहे काय? नेपाळ, बांगलादेश, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील गरीब देशांच्या मुलांना देशी विद्यार्थ्यांइतकेच शुल्क का आकारू नये? विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे जयप्रकाशांनी अमेरिकेत जे केले ते सुदानचा मुलगा कोल्हापुरात करू शकत नाही. मग ‘कमवा आणि शिका’ या योजनेतील काम शिक्षणाचाच भाग मानून त्याला त्यात घ्यावे, असे पत्र विद्यापीठाने केंद्र सरकारला लिहिले आहे काय? सुट्टीत खानावळ बंद होते तेव्हा ही मुले कोठे जेवतात? दसरा चौकातील बोर्डिंगांचे विश्वस्त आज अनेक ठिकाणी पक्षाच्या ओळखीचे आहेत. त्यांनाही विचारावे की त्यांच्या नियमावलीत परदेशी मुलाला एक खोली देण्याची अडचण नेमकी कोणत्या कलमात आहे.